लक्लीड्स लँडिंग मेट्रोलिंक स्टेशन, सेंट लुईस: आर्च बघायला जाताय ना, मग इथंच उतरा

आधीच सांगते, स्टेशनचा रिव्ह्यू कोण लिहितं असं मलाही वाटायचं. स्टेशन म्हणजे उतरायचं आणि चालायला लागायचं, त्यात लिहिण्यासारखं काय. पण सध्या आई-बाबा आलेत सांगलीहून सहा महिन्यांसाठी, बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर, सगळी नोकरी रस्ते आणि पूल यातच गेलेली, आणि त्यांना गेटवे आर्च, म्हणजे इथली नदीकाठची ती स्टीलची उंच कमान, दाखवायला म्हणून नेलं तर हा माणूस आर्चपेक्षा जास्त वेळ स्टेशनवरच उभा, कारण हे स्टेशन एका जुन्या पुलाच्या आतच आहे. तीन गाड्या आल्या आणि गेल्या, हे हलेनात. घरी आल्यावर दोनदा म्हणाले, "लिही गं कुठंतरी, लोकं नुसती मान वर करून त्या कमानीकडं बघतात आणि पायाखालचा पूल बघतच नाहीत." तर लिहितेय.

नावाची गंमत म्हणजे गावाचा संस्थापक फ्रेंच, पियेर लाक्लेद, त्यानं १७६४ साली ही वस्ती वसवली, पण इथं फ्रेंच उच्चार केलात तर कुणाला कळणार नाही, इथली माणसं सरळ लक्लीड्स म्हणतात. गावाचंही तेच, सेंट लुई म्हणायचं नाही, सेंट लुईसच. मी आठ वर्षं इथं राहतेय आणि अजूनही कधीकधी चुकते.

स्टेशन मिसिसिपीच्या काठावर, आर्चच्या उत्तरेला, मिसुरीच्या बाजूचं शेवटचं. यानंतरचं स्टेशन नदीपलीकडं इलिनॉयमध्ये. मेट्रोलिंक ही इथली शहरातली ट्रेन, तिच्या रेड आणि ब्लू दोन्ही लाइनच्या गाड्या थांबतात, म्हणजे एअरपोर्टवरून थेट यायचं असेल तर रेड लाइन पकडा आणि कुठंही न बदलता इथं उतरा. आम्ही राहतो वेस्ट काउंटीत, आपली बरीच मंडळी तिकडंच आहेत, आणि तिकडं मेट्रोलिंक येतच नाही त्यामुळं सगळे गाडी काढून डाउनटाउनला जातात. मीही तेच करायचे. गेल्या वर्षी सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा कार्डिनल्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमची, मॅच होती हे डोक्यातच नव्हतं, एका खाजगी पार्किंगवाल्यानं जे पैसे घेतले त्यात चौघांचं जेवण झालं असतं, वर पावती नीट काचेवर लावली नाही म्हणून दंडाची चिठ्ठी वेगळीच. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी ट्रेन. श्रूजबरी स्टेशनला गाडी लावायची, तिथं पार्किंग फुकट आहे, आणि ब्लू लाइननं चाळीसेक मिनिटांत पोचायचं. गाडी हुकली तर वीस मिनिटं गेली असं धरून चाला, मुंबई लोकलची सवय असेल तर जरा जड जातं. तिकीट मशीनवर मिळतं नाहीतर ट्रान्झिट ॲपवर. मशीनवर काढलं तर कुठलं तिकीट आधी व्हॅलिडेट करायचंय ते नीट वाचा, कारण ही सिस्टिम सुरुवातीपासून विश्वासावर चालत आलेली, अडवणारं गेट नसायचं, मधूनच कुणीतरी येऊन तपासायचं. आता हळूहळू स्टेशनांना गेट बसवायचं काम काढलंय.

आता मेन गोष्ट. स्टेडियम स्टेशन गेलं की गाडी बोगद्यात शिरते, एट्थ अँड पाइन आणि कन्व्हेन्शन सेंटर ही दोन स्टेशनं जमिनीखाली. आईला वाटलं ही नेहमीची मेट्रो, दिल्लीला असते तशी. बाबा मात्र खिडकीला नाक लावून भिंती बघत होते, म्हणाले हे काम नवीन नाहीये. आणि खरंच नाहीये, हा बोगदा १८७४ चा आहे, वाफेच्या इंजिनांसाठी पुलाबरोबरच काढलेला, मेट्रोलिंकनं तो उचलून वापरला. मग एकदम उजेड येतो आणि गाडी थांबते ती थेट पुलाच्या पोटात. पोटात म्हणजे खरोखर पोटात. डोक्यावर रस्ता, त्यावरून गाड्या जातायत त्यांची धडधड ऐकू येते, आणि बाजूला जाडजूड दगडी कमानी. काच नाही, स्टीलची चकचकीत पॅनल नाहीत, दगड. मे महिन्यातली दुपार होती, बाहेर चांगलंच ऊन, पण आत वाड्याच्या ढेलजेत असतं ना तसा गारवा. एका बाजूच्या कमानीतून आर्चची हिरवळ आणि झाडांच्या वर चमकणारा स्टीलचा तुकडा, दुसऱ्या बाजूच्या कमानीतून जुन्या लाल विटांच्या वखारी. बाबांनी आधी दगडावर हात ठेवला, मग बोटानं सांधा चाचपला, मग मला म्हणाले, "बघ, दगडांच्या सांध्यांचं, दर्जेचं काम किती बारीक आहे." मी आठ वर्षांत दहा वेळा तरी इथून गेले असेन, दर्जा वगैरे कधी बघितल्या नव्हत्या.

तर हा ईड्स ब्रिज. बांधला जेम्स ईड्स नावाच्या माणसानं, १८६७ ला काम सुरू आणि ४ जुलै १८७४ ला उद्घाटन. हा गृहस्थ इंजिनिअरिंग शिकलेला नव्हता, त्याआधी आयुष्यात एकही पूल बांधलेला नव्हता, त्याचा धंदा म्हणजे मिसिसिपीत बुडालेल्या बोटींतून माल वर काढणं. स्वतः डायव्हिंग बेलमध्ये, म्हणजे पाण्यात उतरवायच्या घंटेसारख्या पेटीत बसून नदीच्या तळाला जायचा. आणि त्यामुळंच त्याला एक गोष्ट माहीत होती जी काठावर बसून गणितं करणाऱ्यांना माहीत नव्हती, की पुराच्या वेळी तळाची वाळूच वाहायला लागते, म्हणजे वाळूत पाया ठेवला तर खालून उकरून निघणार. म्हणून खडक लागेपर्यंत खाली जायचं म्हणजे जायचंच. हे मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं तर ते एकदम खूश, "स्काउर! म्हणजे पाण्यानं पाया उकरणं! अगं तेच तर, कृष्णेवर आम्ही दुसरं काय सांगत होतो वरच्यांना." मग प्लॅटफॉर्मवरच वेल फाउंडेशनचं, म्हणजे विहिरीसारख्या खोल पायाचं, लेक्चर झालं, शेजारी हेडफोन लावून बसलेला पोरगा आमच्याकडं बघायला लागला.

खडकापर्यंत जायचं कसं, तर तळ नसलेली भलीमोठी पेटी नदीत उतरवायची, आत हवा दाबून भरायची म्हणजे पाणी आत येत नाही, माणसं आत शिरून वाळू उपसणार, वर दगडाचं बांधकाम चढत जाणार आणि त्याच्या वजनानं पेटी खाली खाली जाणार. पाण्याच्या पातळीपासून नव्वद फुटांहून खोल गेले. एवढ्या दाबात काम करून माणूस पटकन वर आला की रक्तात हवेचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, माणूस वाकडा होतो, मरतो पण. त्या वेळी हे कुणाला धड कळलेलंच नव्हतं. डझनभराहून जास्त कामगार गेले या पुलावर. प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाडीची वाट बघताना हे माहीत असलेलं बरं असं मला तरी वाटतं. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, नुसते नदीकडं बघत राहिले, त्यांच्याही साइटवर एकदा झालं होतं तसं काहीतरी, ते त्याबद्दल बोलत नाहीत.

बाकी किस्से मात्र एक से एक. तीन कमानी आहेत, ५०२, ५२० आणि ५०२ फुटांच्या, स्टीलच्या, आणि तोवर एवढ्या मोठ्या पुलाला स्टील कुणी वापरलंच नव्हतं. ईड्सचा हट्ट असा की प्रत्येक तुकडा टेस्ट होणार, नापास झाला की परत. कमानी उभारायचं कंत्राट घेतलेल्या कंपनीत अँड्र्यू कार्नेगी होता, पुढं स्टीलमध्ये गडगंज झालेला तोच, त्याला पार वैताग आणला. बाबा हसत म्हणाले, असा इंजिनिअर आमच्या खात्यात असता तर सहा महिन्यांत त्याची बदली झाली असती. खाली आधार न देता दोन्ही बाजूंनी कमान हवेत पुढं पुढं नेत मधे जोडायची होती, आणि जोडायच्या वेळी, सप्टेंबर १८७३, इतकं गरम झालं की स्टील प्रसरण पावून मधला तुकडा बसेना. तर काय केलं, कमानीला बर्फ बांधला! टनावारी बर्फ, पोत्यात भरून. तरी बसेना. शेवटी ईड्सनं आधीच करून ठेवलेला स्क्रूचा तुकडा, जो लांब-आखूड करता येतो, तो घालून कमान जोडली. म्हणजे बर्फ चालणार नाही हेही त्यानं धरलेलं होतं. या किश्शावर बाबांनी अक्षरशः टाळी दिली मला.

आईला आवडला तो हत्ती. पूल तयार झाला तरी लोकांचा विश्वास बसेना, मग १४ जून १८७४ ला एक हत्ती चालवत नेला पुलावरून, कारण समज असा की हत्ती कच्च्या जागेवर पाय ठेवत नाही. हत्ती आरामात गेला, लोकांनी जल्लोष केला. नंतर जुलैत चौदा इंजिनं उभी करून खरी टेस्ट झाली ती वेगळी, पण आईच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला. "म्हणजे गणपतीनंच पास केला म्हण की पूल." यावर बाबा "लोड टेस्ट ती लोड टेस्ट" असं काहीतरी पुटपुटले.

एवढं सगळं करून पूल उभा राहिला आणि वर्षभरात पुलाची कंपनी दिवाळखोरीत गेली, हेही सांगून टाकते. पुढं शंभर वर्षं चालला, १९७४ ला शेवटची पॅसेंजर गाडी गेली, मग रुळांवर नुसतं गवत. १९८९ ला पूल शहराकडं आला आणि ३१ जुलै १९९३ ला मेट्रोलिंक सुरू झाली. वरचा रस्ता मधे बारा वर्षं बंद होता, २००३ ला परत उघडला. नंतर मोठी डागडुजी झाली ती २०१६ ला संपली, त्यामुळं आता रंगबिंग चांगला आहे.

टीप नंबर एक, आणि हीच खरी टीप: इथं उतरायच्या आधी एक स्टेशन पुढं जा. ईस्ट रिव्हरफ्रंटपर्यंत. गाडी स्टेशनमधून निघते आणि एकदम नदीवर येते, खाली मिसिसिपीचं ते चहाच्या रंगाचं पाणी, कोळसा-धान्याच्या बार्जेस, आणि मागं वळून बघितलं की अख्खी आर्च आणि शहर. फार तर दोन-तीन मिनिटांचा प्रवास. उजव्या बाजूला बसा. पलीकडं माल्कम मार्टिन मेमोरियल पार्क आहे, तिथं उंच ओव्हरलुक बांधलाय, आर्चचा सगळ्यात चांगला फोटो तिथूनच येतो, आर्चच्या खाली उभं राहून नाही. शिवाय राज्य ओलांडल्याचं पुण्य वेगळं. परत येताना चालायचं असेल तर पुलाच्या वरच्या रस्त्याला आर्चच्या बाजूनं फुटपाथ आहे. आम्ही चालतच आलो. आईचे गुडघे बघता मला टेन्शन होतं पण वारा छान होता, थांबत थांबत आलो.

आता परिसर. इथं मात्र अपेक्षा कमी ठेवून जा. लक्लीड्स लँडिंग म्हणजे नऊ ब्लॉकचा तुकडा, पुलाच्या उत्तरेला, जुने दगडी फरशीचे रस्ते, कास्ट आयर्नचे खांब असलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या वखारी. आधी असा तुकडा नव्हता, सगळा नदीकाठच असा होता. १९३९ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत पुलाच्या दक्षिणेचे चाळीस ब्लॉक पाडून टाकले, स्मारकासाठी, आणि नंतर तिथं आर्च उभी राहिली, १९६५ ला. म्हणजे आपण जी हिरवळ बघून वा वा करतो त्याखाली अख्खं जुनं गाव होतं, आणि जे उरलं ते हे नऊ ब्लॉक. बाबा त्या गल्लीत शिरल्या शिरल्या म्हणाले, "अरे हा तर आपला वखारभाग." सांगलीकरांना कळेल. तंबाखूची वखार पण होती की इथं, नुसता हळदीचा वास तेवढा नव्हता.

पण वखारभागात निदान माणसं असतात. इथं शनिवारी दुपारी एक वाजता रस्त्यावर आम्ही तिघं आणि एक कुत्रं फिरवणारी बाई. पूर्वी इथं बार आणि क्लबांची गर्दी असायची म्हणे, जुने लोक फार हळवे होऊन सांगतात, आता बऱ्याच वखारींचे लॉफ्ट, म्हणजे राहायचे फ्लॅट झालेत, खाण्याची ठिकाणं मोजकी. आणि फोनवरचे टाइमिंग बघून जाऊ नका, आधी फोन करा, आम्ही ज्या जागी जेवायचं ठरवलं होतं तिथं फोनवर "ओपन" दिसत होतं आणि दाराला कुलूप. शेवटी आर्चच्या समोर नदीकडं उतरणाऱ्या ज्या मोठ्या पायऱ्या आहेत तिथं बसून आईच्या पर्समधलं भडंग खाल्लं, वर कांदा नाही म्हणून बाबांची कुरकुर. आई सांगलीहून दोन किलो घेऊन आलीये आणि ती कुठंही निघाली की एक पिशवी पर्समध्ये असतेच, मी आधी चिडायचे, त्या दिवशी गप्प बसले.

फरशीचे दगड दिसायला मस्त पण चालायला बेकार, वर-खाली, मधे फटी. सँडल नको, शूज घाला. स्ट्रोलर किंवा व्हीलचेअर असेल तर लँडिंगच्या गल्ल्यांत न शिरता स्टेशनच्या लिफ्टनं खाली येऊन सरळ आर्चच्या बाजूला जा, तिकडच्या वाटा सपाट आहेत. आर्चचं दार आता पश्चिमेला आहे, ओल्ड कोर्टहाउसच्या समोर, २०१८ ला बदललं, त्यामुळं स्टेशनवरून दहाएक मिनिटं चालावं लागतं. बाथरूमही तिथंच, खालच्या म्युझियममध्ये, स्वच्छ. आर्चच्या आतून वर जायच्या ट्रामचं तिकीट घरूनच बुक करून या, विकेंडला तिथं जाऊन मिळेल याची खात्री नाही. पाच जणांची ती अंड्यासारखी कॅप्सूल असते, चार मिनिटं वर जायला, बंद जागेची भीती असेल तर विचार करा. आईनं डोळे मिटून रामरक्षा म्हटली.

त्या पायऱ्यांवर बसलो असतानाच पुराचा विषय निघाला, सांगलीची माणसं नदीकाठी बसली की निघतोच. १९९३ ला इथं मोठा पूर आला होता आणि पाणी याच पायऱ्यांवर चढलं होतं. पातळी किती, तर १ ऑगस्टला ४९.५८ फूट, तीस फुटांना पूर धरतात. आणि तारीख बघा, मेट्रोलिंक सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी! म्हणजे नवीन गाडीत बसून पहिल्या विकेंडला नदी ओलांडणाऱ्या लोकांनी खाली काय बघितलं असेल. बाबा लगेच आयर्विनवर, म्हणजे सांगलीच्या त्या पुलावर जिथं कृष्णेची पातळी मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं, तेव्हा आई-बाबा चार दिवस मामाकडं विश्रामबागला होते आणि मी इथं रात्र रात्र फोन हातात धरून आयर्विनची पातळी रिफ्रेश करत होते. आई म्हणाली मग आपला पूर मोठा. बाबा म्हणाले, "तसं नसतं गं, गेजचा शून्य कुठं धरलाय त्यावर असतं." आईनं ऐकलं नाही. तिच्या हिशोबानं सांगली आठ फुटांनी पुढं आहे.

सेफ्टीचं सगळेच विचारतात म्हणून सांगते. दिवसा आम्हाला काही त्रास झाला नाही, आर्चमुळं टुरिस्ट आणि पार्क रेंजर असतातच. पण संध्याकाळनंतर लँडिंगचा भाग फारच सामसूम होतो, म्हातारी माणसं किंवा लहान पोरं बरोबर असतील तर उजेडातच परत फिरा. मॅच असेल त्या दिवशी संपायच्या वेळी स्टेडियम स्टेशनवर तोबा गर्दी चढते, त्याच्या आधी निघा नाहीतर मग तासभर उशिरानं. पण गंमत अशी की लँडिंगला बसलात तर स्टेडियमच्या आधी बसता, म्हणजे सीट तुमची. आम्हाला तिघांना मिळाली, आणि लाल जर्सीवाले सगळे उभे.

स्टार द्यायचे तर स्टेशनला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण एवढी मोठी गोष्ट आहे आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाला ती डोळ्यात भरेल अशी सांगितलेली नाही, आम्हाला फोनवर वाचावी लागली. परिसराला अडीच, त्यातले दोन त्या वखारींचे.

बाबांना पुढच्या शनिवारी परत जायचंय. आर्च नको म्हणतात, झाली एकदा बघून. फक्त स्टेशन. आणि मला सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलंय, घरात मोजायची टेप आहे का, निदान पंधरा मीटरची तरी.